सात छिद्रांचं सॉकेट



आपल्या शाळेतला कॉम्प्युटर आठवतो? १९८४-८५ मध्ये सरकारने ‘क्लास’ नावाची योजना काढली आणि शाळाशाळांना बीबीसी मायक्रो दिले. इंग्लंडच्या एकॉर्न कंपनीचं ते यंत्र, मेमरी फक्त ३२ किलोबाइट. आपण चपला बाहेर काढून त्या खोलीत जायचो. केलेला प्रोग्रॅम साध्या टेपरेकॉर्डरने कॅसेटवर साठवायचो.

नववीत असताना एका मधल्या सुट्टीत खोली उघडी दिसली आणि मी एकटीच आत गेले. टेपरेकॉर्डरची वायर बसेना, म्हणून जोर लावून दाबली. सॉकेट तुटलं. मी गुपचूप बाहेर पडले. त्या दिवसापासून काहीच साठवता येईना. त्यात आपला लोणावळ्याचा पाऊस. वीज गेली की तासाभराची मेहनत पुसली जायची. सरांनी डेडस्टॉक रजिस्टरमध्ये ‘नादुरुस्त’ लिहून सही केली, बोलणीही खाल्ली. कुणाच्या हातून झालं, हे त्यांनी कधीच विचारलं नाही.

दोन वर्षांपूर्वी शाळेचं भंगार निघालं, तेव्हा मी ते यंत्र मागून घेतलं. केस फुटली होती, मदरबोर्ड आणि कीबोर्ड वाचले होते. इतक्या पावसाळ्यांनी सॉकेटच्या पिना हिरव्या पडल्या होत्या.

पुण्याच्या तापकीर गल्लीत पाच छिद्रांची सॉकेटं होती. पाचांवर आवाज जातो, पण उरलेल्या दोन पिना टेपची मोटर चालू-बंद करतात. मुंबईत लॅमिंग्टन रोडला सात छिद्रांचं मिळालं, तर छिद्रांची मांडणी वेगळी. तुटका तुकडा दाखवत “असंच द्या” म्हणत मी फिरत होते. शेवटी एक वयस्कर दुकानदार म्हणाले, “मॅडम, तुकडा राहू द्या, अंश सांगा.” सात पिनांचं, २७० अंशांचं, बोर्डावर बसणारं डिन सॉकेट. इतकं नीट सांगितल्यावर त्यांनी ते आठवड्यात मागवून दिलं.

मी सॉफ्टवेअरवाली, डाग द्यायला तळेगावच्या एका टीव्ही दुरुस्तीवाल्या काकांकडे गेले. ते म्हणाले, “जुनं ओढायचं नाही, तांब्याची रेघ उखडते. आधी प्रत्येक पायाला ताजं सोल्डर लावायचं, मग सगळं शोषून घ्यायचं.” दुपारभर आम्ही तेच केलं.

रात्री चार ओळींचा प्रोग्रॅम लिहिला, कॅसेटवर साठवला आणि यंत्र बंद केलं. पुन्हा चालू करून तो मागवला. आतून ‘टक्’ आवाज आला, टेप आपोआप फिरली आणि चारही ओळी परत आल्या.

सर, ते सॉकेट मी तोडलं होतं. सांगायला तीस वर्षं लागली.

यंत्र आज शेजारच्या वर्गात मांडलंय. जेवणानंतर सगळ्यांनी या, मुलांनाही आणा. हात लावू द्या त्यांना. फक्त वायर बसवताना आधी खाच बघा म्हणावं, आणि बसली नाही तर विचारा.