एका आळीने जपलेला डग्लस



चालकांनी विषय विचारला तेव्हा आम्ही 'फ्रेडरिक डग्लस' एवढे दोनच शब्द कळवले होते. गृहस्थ अमेरिकेचा, शतक एकोणिसावे आणि श्रोते आपल्या गावचे. तेव्हा हा वक्ता आता दोन तास चरित्र सांगणार, अशी भीती कोणाला वाटली असेल तर ती सोडावी. डग्लसचे चरित्र त्याने स्वतःच तीन वेळा लिहून ठेवले आहे. आम्हांला बोलायचे आहे ते त्याला आज आठवणाऱ्या माणसांविषयी. थोर पुरुष होऊन जातात. मागे राहतात ते आपल्यासारखे आळीतले लोक, आणि त्यांच्या हाती एक पुतळा, एक तिथी आणि थोडीफार वर्गणी. या सामग्रीचे करायचे काय, हा प्रश्न तिकडे आहे तसाच इकडेही आहे.

अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर मॅसॅच्युसेट्स राज्यात न्यू बेडफर्ड नावाचे बंदर आहे. देवमाशाच्या शिकारीवर आणि त्याच्या तेलावर हे गाव एके काळी गबर झाले. 1838 च्या सप्टेंबरात एक विशीतला काळा तरुण नवपरिणीत पत्नीसह तेथे उतरला. 3 सप्टेंबरला तो बाल्टिमोरहून, खलाशाचा वेष करून, गुलामगिरीतून निसटला होता; 15 तारखेला न्यूयॉर्कमध्ये अ‍ॅना मरीशी त्याचे लग्न लागले. (या अ‍ॅनाबाईंवर स्वतंत्र व्याख्यान व्हावे. मोलमजुरी करून साठवलेले त्यांचे पैसे नसते, तर हे पलायन झाले नसते.) न्यू बेडफर्डला पोचल्यावर गाडीभाडे देण्यापुरतेही पैसे उरले नव्हते, गाडीवाल्याने सामान अडकवून ठेवले. नेथन जॉन्सन या काळ्या गृहस्थाने दोन डॉलर उसने दिले, सामान सोडवले, दोघांना घरात घेतले आणि 'डग्लस' हे नावही दिले. स्कॉटचे 'लेडी ऑफ द लेक' हे काव्य तो त्या सुमारास वाचत होता, त्यातल्या सरदाराचे ते नाव. नेथनची पत्नी पॉली मिठाई करून विकत असे.

पुढची गोष्ट आम्हांला फार आवडते. एका धर्मोपदेशकाच्या दारात कोळशाचा ढीग पडलेला पाहून या तरुणाने मागच्या दाराशी जाऊन विचारले, हा आत नेऊन टाकू का? काम झाल्यावर घरच्या बाईंनी अर्ध्या डॉलरची दोन रुपेरी नाणी त्याच्या हातावर ठेवली. बाल्टिमोरला तो दिवसाला दीड डॉलरपर्यंत मिळवीत असे. पण आठवड्याच्या शेवटी सगळे मालकापुढे ठेवायचे, आणि मालकाची मर्जी असली तर सहा सेंट परत मिळायचे. ही दोन नाणी मात्र हिसकावून घेणारा कोणी नव्हता.

पण येथे थांबलो तर गोष्ट फार गोड होईल. डग्लस हा जहाजाच्या फळ्यांतील फटी बुजवणारा कसबी कारागीर. न्यू बेडफर्डच्या धक्क्यावर त्याला ते काम मिळेना. काळा माणूस या कामावर आला तर आम्ही सारे काम टाकून निघून जाऊ, असे गोऱ्या कारागिरांनी बजावले. गुलामगिरीच्या विरोधकांचे म्हणून गाजलेले गाव ते! मग लाकडे कापणे, कोळसा उपसणे, पिंपे वाहणे, अशी मिळेल ती कामे त्याने केली.

जॉन्सन पतिपत्नींचे ते घर अजून उभे आहे. 1996 मध्ये स्थापन झालेली तेथील इतिहाससंस्था ते सांभाळते. या वस्तीला आता 'अ‍ॅबॉलिशन रो', म्हणजे आपल्या भाषेत गुलामगिरी-विरोधकांची आळी, असे म्हणतात. घरासमोर अलीकडे एक लहानशी बाग झाली असून तीत तरुण डग्लसचा पुतळा आहे. धवल केसांचा, जगद्विख्यात डग्लस नव्हे. कोळसा उपसणारा डग्लस. ही निवड आम्हांला मार्मिक वाटते. आपण थोरांचे पुतळे करतो ते ते थोर झाल्यावरचे. आळीला त्यांची ओळख असते ती मात्र त्याआधीची.

आणि दर फेब्रुवारीत हे लोक जमून काय करतात? डग्लसचे 1845 चे आत्मचरित्र पहिल्या पानापासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचतात. एकाने काही उतारा वाचायचा, मग दुसऱ्याने पुढे यायचे. आपल्याकडे पोथी लावतात ना, तसेच. फरक इतकाच की येथे पुराणिक ठरलेला नाही. ज्याची पाळी तो पुराणिक. फेब्रुवारीच का, तर डग्लसला आपली जन्मतिथी ठाऊक नव्हती. गुलामाच्या जन्माची नोंद मालकाच्या गुराढोरांच्या हिशेबातली. आई आपल्याला लाडाने 'व्हॅलेंटाइन' म्हणे, एवढ्या आठवणीवर त्याने 14 फेब्रुवारी हा दिवस मानून घेतला.

याच राज्यात 2009 पासून दुसरीही एक प्रथा गावोगाव पसरली आहे. 4 जुलै हा अमेरिकेचा स्वातंत्र्यदिन. 1852 साली रॉचेस्टर शहरातील स्त्रियांच्या गुलामगिरी-विरोधी मंडळाने त्या निमित्ताने डग्लसला भाषणास बोलावले. तो 5 तारखेला बोलला. स्वातंत्र्यवीरांची त्याने मनापासून स्तुती केली. आणि मग श्रोत्यांकडे वळून विचारले की, या उत्सवाशी गुलामाचा संबंध काय? हा दिवस तुमचा आहे, माझा नव्हे. हे भाषण आता चौकांत, बागांत, वाचनालयांच्या पायऱ्यांवर रांगेने उभे राहून शेजारीपाजारी वाचतात.

यात एक गंमत होते. रांगेत पोलीस असतो, शिक्षिका असते, नुकताच त्या देशात आलेला परदेशी असतो, गोऱ्या घरातली शाळकरी मुलगी असते. तिच्या वाट्याला नेमके ते वाक्य आले, तर 'तुमचा' म्हणजे कोणाचा आणि 'माझा' म्हणजे कोणाचा? इंग्रजीत 'वी' हा एकच शब्द आहे. आपल्या मराठीला येथे जास्त कळते. समोरच्याला वगळायचे असले की आपण 'आम्ही' म्हणतो आणि सामावून घ्यायचे असले की 'आपण'. डग्लसचे ते भाषण मराठीत आणायचे झाले तर सारी कसोटी याच दोन शब्दांवर लागेल.

कोणी म्हणेल, वाचून काय होते? आक्षेप खरा आहे. 2018 साली, डग्लसच्या जन्माला 200 वर्षे झाली म्हणून, रॉचेस्टरच्या नागरिकांनी त्याच्या जुन्या पुतळ्याच्या तेरा हलक्या प्रतिकृती त्याच्या आयुष्याशी निगडित जागी, वस्त्यावस्त्यांत उभ्या केल्या. त्याच वर्षी डिसेंबरात एक मोडली. 2020 च्या जुलैत, नेमक्या त्या भाषणाच्या तिथीला धरून, नदीकाठच्या बागेतली दुसरी चौथऱ्यावरून उखडून टाकलेली सापडली. पळून आलेल्या गुलामांना जेथून कॅनडाकडे जाणारी जहाजे मिळत, त्या धक्क्याजवळची ही बाग. लोकांनी थोड्याच दिवसांत तेथे दुसरी प्रतिकृती बसवली. एवढेच. आम्हांला यात विजयही दिसत नाही आणि पराभवही दिसत नाही. आळीत झाडलोट करावी लागते, तशी ही एक झाडलोट.

स्मारक कसे करावे, याबद्दल खुद्द डग्लसचेच मत उपलब्ध आहे, आणि ते चालकमंडळींनी जरूर ऐकावे. 14 एप्रिल 1876 रोजी वॉशिंग्टनमध्ये लिंकनच्या स्मारकाचे अनावरण झाले. पैसा मुक्त झालेल्या गुलामांचा. पहिली देणगी शार्लट स्कॉट या बाईंची, स्वातंत्र्यातल्या पहिल्या कमाईचे पाच डॉलर. पुतळा कसा असावा हे मात्र त्यांना कोणी विचारले नाही. लिंकन उभा आणि पायाशी गुडघे टेकलेला काळा माणूस, असा तो घडला. मुख्य वक्ता डग्लस. समोर राष्ट्राध्यक्ष ग्रँट. अशा प्रसंगी आपण काय बोललो असतो? डग्लसने सांगितले की, लिंकन हा आधी गोऱ्यांचा अध्यक्ष होता, आमचे हित त्याला नंतर सुचले; आणि तरीही, देशाच्या नजरेने पाहता, त्याच्या हातून झालेले काम अतुलनीय होते. दोन्ही गोष्टी त्याने एकाच व्यासपीठावरून सांगितल्या. पाच दिवसांनी वृत्तपत्राला पत्र लिहून तो म्हणाला की, गुडघे टेकलेला नव्हे, आपल्या पायांवर उभा असलेला काळा माणूस पाहण्याची आपली इच्छा आहे. हे पत्र विस्मृतीत गेले होते. 2020 साली अभ्यासकांना ते पुन्हा सापडले. त्याच वर्षाच्या अखेरीस बोस्टनमधली त्या शिल्पाची प्रत तिथल्या चौकातून हलवली गेली.

थोर पुरुषाचे गुणगान करताना त्याचे उणे सांगण्याची ही हिंमत आपल्या जयंत्यांत आम्हांला क्वचित दिसते. आमच्याच आळीत आम्ही वर्षानुवर्षे वर्गणी जमवली, मांडव घातला, हार आणला. एकदा एका पोराने विचारले, "काका, यांनी लिहिलंय काय?" मांडवात पुस्तक नव्हते. घरी धाडून शोधले, तर घरीही नव्हते. तो पोरगा आरास बघायला निघून गेला आणि आम्ही ध्वनिक्षेपक लावला.

तो फोटो कोणाचा होता, हे सांगायला हवे, कारण त्याचा या विषयाशी धागा आहे. 1873 साली जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' प्रसिद्ध केली आणि ती अर्पण केली अमेरिकेच्या सज्जनांना, काळ्या लोकांना दास्यातून सोडवण्याच्या त्यांच्या निःस्वार्थ कार्याचा गौरव म्हणून. पुण्यात बसून त्यांनी सातासमुद्रांपलीकडच्या माणसांना 'आपण' म्हटले. योगायोग पाहा: आदल्याच वर्षी, जूनमध्ये, रॉचेस्टरमधले डग्लसचे घर जळाले, आणि ते कोणी जाळले असावे असा त्याला संशय होता. त्याच्या वृत्तपत्राचे जपून ठेवलेले अंक त्यात गेले. अर्पणपत्रिकेतले सज्जन आणि ही आग, दोन्ही एकाच देशातली.

आता एक व्यवहाराची गोष्ट सांगून बसतो. 'गुलामगिरी' हा ग्रंथ धोंडीबा आणि जोतीराव यांचा संवाद आहे, भाग सोळा. म्हणजे दोन खुर्च्या पुरतात, ध्वनिक्षेपकाची गरज नाही. येत्या 28 नोव्हेंबरला, जोतीरावांच्या पुण्यतिथीला, आमच्या आळीच्या पारावर सकाळी आठला पहिला भाग सुरू करावा असे ठरले आहे. धोंडीबा व्हायला बरेच जण तयार आहेत. ज्यांना जोतीराव वाचायचे असतील त्यांनी, विशेषतः भगिनींनी, आज जाताना दाराशी ठेवलेल्या वहीत नाव लिहावे. पुस्तकाच्या चार प्रती आणून ठेवल्या आहेत.