चिठ्ठी लिहिण्याआधी



राज्यातल्या पशुवैद्यकांच्या या अधिवेशनाच्या अध्यक्षपदाचा मान आपण मला दिलात. अध्यक्षाने व्यवसायाच्या सगळ्या प्रश्नांवरून एकदा नजर फिरवावी, अशी प्रथा आहे. मी आज ती बाजूला ठेवणार आहे. दिसायला लहान अशा एकाच प्रश्नावर मला बोलायचे आहे. पाळीव प्राण्याच्या डोळ्यात जिवाणूंचा संसर्ग झाला की आपण औषध लिहून देतो. ते आपण कशाच्या आधारावर लिहितो?

हा विषय मी निवडला, कारण डोळ्याच्या थेंबांइतके सहज लिहिले जाणारे आणि तितकेच सहज मिळणारे दुसरे अँटिबायोटिक आपल्या दवाखान्यात नाही. पोटात द्यायच्या गोळीबद्दल आपण वजन विचारतो, जेवण विचारतो. थेंबांच्या वेळी मात्र बघितले, लाल दिसले, चिपडं दिसली आणि लिहून दिले, असे घडते. चुकीच्या गोळीचे परिणाम निस्तरायला बहुतेक वेळा आठवडा तरी मिळतो. कॉर्नियाची जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर. तिथे चुकीच्या थेंबांना दोन दिवस पुरतात.

2023च्या पावसाळ्यातली माणसांमधली डोळ्यांची साथ आपल्याला आठवत असेल. आळंदीपासून तिची बातमी झाली आणि बघता बघता ती राज्यभर पसरली. ती साथ प्रामुख्याने विषाणूची होती, तरीही घरोघर अँटिबायोटिकचे थेंब आणले गेले आणि अर्ध्या बाटल्या फ्रिजच्या दारात उभ्या राहिल्या. नंतर कितीतरी महिने माझ्याकडे येणाऱ्या मालकांच्या पिशवीतून त्याच बाटल्या निघत. “डॉक्टर, याचेही डोळे आलेत, म्हणून घरातलेच घातले,” असे ते सांगत. त्यांना मी दोष देत नाही. आपल्या माणसाला चालले ते आपल्या कुत्र्यालाही चालेल, असे त्यांना मायेपोटी वाटते. त्यातल्या काही बाटल्यांत अँटिबायोटिकबरोबर डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड होते आणि समोरच्या कुत्र्याच्या कॉर्नियावर जखम होती. ही जोडी किती घातक आहे, हे या सभागृहात नव्याने सांगायला नको. ती रोज जुळते आहे, म्हणून तरीही सांगते आहे.

आधी कुत्र्याबद्दल बोलू. कुत्र्याच्या डोळ्यात पू दिसला की जिवाणू असणारच. स्टॅफिलोकोकस, स्ट्रेप्टोकोकस तिथे एरवीही थोडेफार असतात. त्यांना माजायला वाव कोणी दिला, हा खरा प्रश्न आहे. कुत्र्यांत जिवाणूंचा कंजंक्टिव्हायटिस हा बहुतेक वेळा दुसऱ्याच कुठल्या तरी आजाराच्या मागून आलेला असतो. पापणी आत वळलेली असते, पापणीच्या कडेवर नको तिथे केस उगवलेला असतो, नाहीतर दिवाळीच्या सुमारास माळावर फिरून आलेल्या कुत्र्याच्या तिसऱ्या पापणीमागे गवताचे कुसळ अडकलेले असते. ते कुसळ तिथे आहे तोवर जगातले कोणतेही थेंब घाला, चार दिवस बरे वाटेल आणि पाचव्या दिवशी डोळा पुन्हा मिटलेला असेल. त्या तिसऱ्या पापणीमागे बघायला भुलीचा एक थेंब आणि बोथट चिमटा लागतो. एवढे आपल्या प्रत्येकाकडे आहे.

सर्वांत जास्त हुकते ते कोरड्या डोळ्याचे निदान. पग, शिह त्झू, ल्हासा हे आता गावोगावी पोचले आहेत. त्यांच्या डोळ्यातून हिरवट, चिकट, दोरीसारखा स्राव येतो, बुबुळाची चमक गेलेली असते आणि मालकाच्या फाइलमध्ये चार वेगवेगळ्या अँटिबायोटिकच्या चिठ्ठ्या असतात. प्रत्येक चिठ्ठीने आठ दिवस आराम पडलेला असतो. अशा डोळ्यात शर्मरची कागदी पट्टी एक मिनिट लावून पाहा. निरोगी कुत्र्यात ती 15 मिलिमीटर किंवा त्याहून जास्त भिजते. दहाच्या खाली राहिली तर निदान जवळपास हातात आले. त्या प्राण्याला सायक्लोस्पोरिनचे मलम लागेल, कृत्रिम अश्रू लागतील, आणि बहुधा आयुष्यभर लागतील. अँटिबायोटिक सुरुवातीला थोडे दिवस सोबतीला असेल. मालकाला हे पहिल्याच भेटीत समजावून सांगणारा पशुवैद्य त्या कुत्र्याची दृष्टी वाचवतो. आणि आपणच दिलेल्या ट्रायमेथोप्रिम-सल्फामुळेही कुत्र्याचे अश्रू आटू शकतात, म्हणून जुनी औषधे विचारल्याशिवाय ही तपासणी पुरी होत नाही.

मांजराचे शास्त्र वेगळे आहे आणि कुत्र्याची चिठ्ठी मांजराला चालत नाही. मांजरात संसर्ग हाच पुष्कळदा मूळ आजार असतो. मागे हर्पिसचा विषाणू असतो, नाहीतर क्लॅमिडिया फेलिस हा जिवाणू असतो, कधी मायकोप्लाझ्मा असतो. क्लॅमिडियात सहसा एक डोळा आधी सुजतो, काही दिवसांनी दुसरा, आणि कंजंक्टिव्हा फुगून बाहेर येते. इथे नुसते थेंब पुरत नाहीत. तोंडावाटे डॉक्सिसायक्लिन सुमारे चार आठवडे द्यावे लागते आणि घरातल्या सगळ्या मांजरांना द्यावे लागते, नाहीतर संसर्ग घरातच फिरत राहतो. ही गोळी मांजराला कोरडी भरवू नका. ती अन्ननलिकेत अडकून राहिली तर तिथे जखम होते आणि पुढे नळी अरुंद होते. गोळीमागोमाग पिचकारीने थोडे पाणी किंवा चमचाभर खाणे द्यायला सांगायला दोन वाक्ये लागतात, ती चिठ्ठीवर लिहावीत. हर्पिसच्या डोळ्यात अँटिबायोटिक विषाणूला काही करत नाही, फक्त मागून येणारे जिवाणू आवरते. आणि त्या डोळ्यात स्टिरॉइड गेले तर विषाणूला रान मोकळे होते.

एन्रोफ्लोक्सॅसिनबद्दलही इथेच सांगते. दिवसाला किलोमागे पाच मिलिग्रॅमच्या वरच्या मात्रेत ते मांजराच्या दृष्टिपटलाला इजा करू शकते. डोळ्याची लाली घालवायला दिलेल्या इंजेक्शनाने मांजर कायमचे आंधळे होणे, याहून मोठी शोकांतिका आपल्या व्यवसायात मला सुचत नाही. निओमायसिन आणि पॉलिमिक्सिनची मलमे आपण निर्धास्तपणे देतो. मांजरांत त्यानंतर क्वचित तीव्र अ‍ॅलर्जीचा झटका आल्याच्या नोंदी आहेत, तेव्हा पहिली मात्रा आपल्या टेबलावर द्यावी हे उत्तम.

आता कॉर्नियाच्या जखमेकडे येते, कारण माझे सगळे बोलणे तिथे जाऊन थांबते. खेड्यातला माणूस म्हणतो, “डोळ्यात फूल पडलंय.” त्या फुलावर फ्लुओरेसीनची पट्टी टेकवावी, डोळा धुवावा, निळ्या उजेडात बघावे. हिरवे चमकले तर जखम आहे आणि स्टिरॉइडला तिथे मज्जाव आहे. कडा हिरव्या आणि मधोमध काळे, स्वच्छ दिसले तर ती बरी होत आलेली जखम समजू नका. जखम डेसिमेट पडद्यापर्यंत खोल गेली आहे, तो पडदा रंग घेत नाही आणि डोळा फुटण्याच्या बेतात आहे. असा प्राणी त्याच दिवशी शस्त्रक्रियेला पाठवायचा असतो. जखमेच्या कडा जेलीसारख्या वितळू लागल्या असतील तर स्यूडोमोनास मनात धरून चालावे. सायटोलॉजीची स्लाइड करावी, नमुना कल्चरला पाठवावा आणि अहवालाची वाट न बघता टोब्रामायसिन किंवा फ्लुओरोक्विनोलोन दर एक-दोन तासांनी सुरू करावे. त्याच प्राण्याच्या रक्तातून काढलेला सीरम थेंबांसारखा वापरला तर कॉर्निया विरघळवणारी विकरे आवरली जातात. तो तयार करायला सेंट्रिफ्यूज लागतो, बाकी काही नाही. दिवसातून तीनदा थेंब घाला, ही सर्वसाधारण ओळ अशा डोळ्यासाठी नाही.

याच्या उलटही घडते. वरवरची साधी जखम आठवडाभरात भरून यायला हवी. मध्यमवयीन बॉक्सर कुत्र्याच्या डोळ्यातली जखम तीन आठवडे भरत नसेल, तर जास्त जोरकस अँटिबायोटिक हा तिचा उपाय नाही. तिथे सुटलेला वरचा थर भूल देऊन काढावा लागतो. तरीही औषध बदलत राहण्याचा मोह होतो.

लाल डोळा कंजंक्टिव्हाचाच असेल असेही नाही. महाराष्ट्रात गोचीड ताप वर्षभर आहे. त्यातल्या एर्लिकियाच्या कुत्र्यात डोळ्याच्या आत दाह होतो, कधी आत रक्त उतरते, आणि मालक फक्त डोळा लाल झाल्याचे सांगतो. अशा वेळी प्लेटलेट मोजल्याशिवाय थेंब लिहिणे म्हणजे घराला आग लागलेली असताना खिडकीची काच पुसणे आहे. काचबिंदूत डोळ्याचा दाब वाढलेला असतो आणि दृष्टी जायला एक-दोन दिवस पुरतात. सशाच्या डोळ्यातून पांढरा पू येत असेल तर त्याचे दात बघा, मुळे वाढून अश्रुनलिका दाबली गेलेली असते. दहा-बारा दिवसांच्या पिल्लाच्या मिटलेल्या पापण्या फुगल्या असतील तर आत पू साठला आहे. कोमट पाण्याच्या बोळ्याने त्या हलकेच उघडून पू बाहेर काढावा, थेंब त्यानंतर.

मग चिठ्ठी. ती आपली सर्वांत ताकदीची गोष्ट आहे आणि आपण तिला सर्वांत कमी वेळ देतो. चिठ्ठीवर निदान लिहिलेले असावे. कोणता डोळा, किती वेळा, किती दिवस, आणि पुन्हा कधी दाखवायचे, हे मराठीत, मालकाला वाचता येईल अशा अक्षरात असावे. एका वेळी एकच थेंब, कारण दुसरा गालावरून ओघळतो. दोन वेगवेगळ्या थेंबांत पाच मिनिटे जाऊ द्यावीत. थेंब आधी, मलम नंतर. बाटलीचे तोंड पापणीला लागू देऊ नये. गळ्यातला संरक्षक कोन काढू नये, कारण एका रात्रीत पंजाने होणारी इजा आठवडाभराच्या औषधावर पाणी फिरवते. उघडलेली बाटली महिनाभराने टाकून द्यावी. गुलाबपाणी, मध, दूध, हळदीचे पाणी, काजळ यांपैकी काहीही घालू नये, हेही लिहावे. आपण लिहिले नाही तर शेजारी सांगतील तेच घातले जाईल.

औषधविक्रेत्यांशीही आपण बोलायला हवे. आपली चिठ्ठी माणसांच्या औषधांच्या दुकानात जाते. तिथे नेमके औषध नसले की त्याच नावापुढे ‘डी’ लागलेली बाटली पुढे केली जाते, आणि ते अक्षर पुष्कळदा स्टिरॉइडचे असते. म्हणून जिथे स्टिरॉइड चालणार नाही तिथे “स्टिरॉइडविरहित” असे ठळक लिहा. मॉक्सिफ्लोक्सॅसिन, लेव्होफ्लोक्सॅसिन ही औषधे 2014पासून अनुसूची एच-1मध्ये आहेत. दुकानदाराने त्यांची वेगळी नोंद ठेवायची असते. या नियमामागे प्रतिकारक जिवाणूंची खरी भीती आहे. मेथिसिलिनला न जुमानणारे स्टॅफिलोकोकस स्यूडइंटरमिडियस कुत्र्यांच्या कातडीवर, कानात आणि डोळ्यात सापडतात. ती कुत्री मुलांच्या अंथरुणात झोपतात.

फोनवर आलेल्या फोटोवरून थेंब लिहून देणे आपण थांबवायला हवे. लांबच्या गावातला माणूस अडलेला असतो, त्याला नाही म्हणणे जड जाते, हे मी जाणते. पण फोटोत फ्लुओरेसीन दिसत नाही, अश्रू मोजता येत नाहीत, दाब कळत नाही. त्याला डोळा मिठाच्या निर्जंतुक पाण्याने धुवायला सांगा, कोन घालायला सांगा आणि प्राणी घेऊन यायला सांगा.

शासनाकडे माझी एक मागणी आहे. परळच्या मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयाची स्थापना 1886ची. तेव्हापासून आपल्या शिक्षणाचा भर घोडा, गाय, म्हैस यांच्यावर राहिला आणि ते योग्यच होते. आज तालुक्याच्या दवाखान्यातही कुत्री आणि मांजरे येतात. प्रत्येक तालुका लघु पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयात फ्लुओरेसीनच्या पट्ट्या, शर्मरच्या पट्ट्या आणि निळ्या प्रकाशाचा टॉर्च असावा. याला मोठे अंदाजपत्रक लागत नाही. त्या पट्ट्या बैलाच्या आणि शेळीच्या डोळ्यालाही तितक्याच उपयोगी पडतील. महाविद्यालयांनी अंतिम वर्षाच्या प्रत्येक विद्यार्थ्याकडून या दोन चाचण्या स्वतःच्या हाताने करून घ्याव्यात.

आणि आपल्यासाठी एक ठराव मी या सभेपुढे ठेवते. कॉर्नियाला रंग लावून पाहिल्याशिवाय आपल्यापैकी कोणीही स्टिरॉइडचे थेंब लिहिणार नाही, आणि निदान व मुदत लिहिल्याशिवाय डोळ्याच्या अँटिबायोटिकच्या चिठ्ठीवर सही करणार नाही. आपण तो एकमताने संमत करावा आणि उद्यापासून पाळावा, अशी माझी आपल्याला कळकळीची विनंती आहे.