पोरांच्या बँडसाठी एक विनंती


मुंबईचा 'रॉक मशीन' बँड १९८४चा. पुढे तोच 'इंडस क्रीड' झाला. १९९५च्या अल्बमनंतर मंडळी पांगली, २०१०ला पुन्हा जमली आणि २०१२मध्ये 'इव्हॉल्व्ह' अल्बम काढला. मध्ये १७ वर्षं गेली!

स्टुडिओचं भाडं तासावर असतं, म्हणून सराव आधीच पक्का लागतो. आपली पोरंही गाणी रेकॉर्ड करायची म्हणतात, पण सरावाला जागा नाही. आवाजाचा त्रास होतो, हेही खरंच. तेव्हा सभागृह आठवड्यातून तीन दिवस, संध्याकाळी ६ ते ८ त्यांना द्यावं. परीक्षेच्या दिवसांत बंद.

जनाबाईंचं गंगाखेड आपल्याच जिल्ह्यातलं. दळता-कांडता गाणाऱ्या त्या माउलीच्या मुलखात गाण्याला एक खोली मिळू नये का?