माझे कान आणि आपला गोंगाट
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चारचौघींपुढे बोलायला उभी राहण्याची ही माझी पहिलीच वेळ आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे, तेव्हा चुकलेमाकले सांभाळून घ्यावे. मागच्या बैठकीत कोणीतरी अनुभवाचे चार शब्द बोलावेत असे ठरले, आणि एका भगिनीने माझे नाव सुचवले. मला ते ऐकूच आले नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या म्हणून मीही वाजवल्या. घरी जाताना वाटेत कळले की बोलायचे आहे ते मलाच! तुम्ही हसलात, मीही हसले. पण आज जे सांगणार आहे ते याच टाळ्यांसंबंधी आहे.

तुम्हा पुष्कळ जणींचे दळण आमच्याकडे येते. गिरणी माझ्या सासऱ्यांनी घातलेली. पुढे शेतीचा व्याप वाढला, कांद्याची कामे वाढली, आणि अठरा वर्षांपूर्वी गिरणी माझ्याकडे आली. खोली लहान, वर पत्रा. मोटर, पट्टा आणि दगड यांचा आवाज पत्र्याला आपटून परत अंगावर येतो. दगडाला नुकती टाकी लावलेली असली म्हणजे तर विचारूच नका. "बारीक की जाडसर?" एवढे विचारायला ओरडावे लागते, म्हणून तुम्ही आणि मी बोटांच्या खुणांनीच व्यवहार करतो. हाताच्या अंतरावर उभ्या असलेल्या माणसाशी ओरडून बोलावे लागले, तर तो आवाज कानाला घातक समजावा, अशी साधी खूण डॉक्टर सांगतात. ती मला अठरा वर्षे उशिरा कळली.

पहिल्यांदा खोड जाणवली ती वीज गेली तेव्हा. भर दुपारी गिरणी थांबली, गाव शांत, आणि मला रातकिडे ऐकू येऊ लागले. उन्हाळ्यात दुपारी रातकिडे कुठले? मी ट्रंकेमागे पाहिले, फडताळ हलवले, मुलाला कौलांवर चढवले. तो म्हणाला, "आई, इथे काहीच वाजत नाही." तेव्हा समजले की किडा घरात नाही, माझ्याच कानात आहे. पण रात्री निजले की जायचा, म्हणून मी मनावर घेतले नाही.

पुढे 2022 साली पुतण्याचे लग्न झाले. वरातीला डीजे आणला होता, एकावर एक ठेवलेल्या खोक्यांची भिंतच ती. मी करवली म्हणून कलश घेऊन त्या भिंतीपुढे तास दीड तास उभी. छातीत धडधड होत होती, पण मागे कसे सरायचे? घरचे कार्य होते. रात्री दोन्ही कानांना दडे बसले. सकाळी दडे थोडे सुटले, पण किडा गेला नाही. तो आजतागायत गेलेला नाही. आता मी तुमच्याशी बोलते आहे तेव्हाही तो वाजतो आहे.

याचे हाल बाहेरून दिसत नाहीत. पाय मोडला तर लोक पाट देतात, कान गेला तर हसतात. सासूबाई हाक मारीत आणि मी उठत नसे, तेव्हा त्यांना वाटे सून आता उलटली. वास्तविक मला आवाज येई, पण शब्द लागत नसे. मग मी एक वाईट सवय लावून घेतली. समोरच्याचा चेहरा हसरा असला की "हो हो, छान" म्हणायचे, आणि उतरलेला असला की "चालायचेच" म्हणायचे. पुन्हा पुन्हा "काय?" विचारण्याची लाज वाटे. पण फोनवर चेहरा दिसत नाही.

आमची थोरली घोडेगावकडे दिली आहे. तिला सातवा महिना होता. एका संध्याकाळी तिचा फोन आला. मी गिरणी बंद करून हात झटकतच घेतला. सासरी माणसे जवळ असली की मुली बोलतात तशी ती हळू बोलत होती. मला "आई" ऐकू आले, "पाय" ऐकू आले, "ये" ऐकू आले. बाकी सगळी गुणगुण. मी म्हटले, "हो का, छान छान, जिवाला जप," आणि फोन ठेवला. तिसऱ्या दिवशी जावयांचा फोन आला की रक्तदाब चढल्यामुळे तिला दवाखान्यात दाखल केले आहे. ती मला सांगत होती की पाय सुजलेत, डोके सारखे दुखते, आई, तू येऊन जा. वेळेवर नेले म्हणून मायलेकरू दोन्ही सुखरूप आहेत. पण दवाखान्यात ती मला म्हणाली, "आई, मी तुला सांगितले होते, आणि तू छान म्हणालीस." हे मी घराबाहेर आज पहिल्यांदाच सांगते आहे.

त्यानंतर मी कान दाखवला. त्याआधी बाजारातल्या माणसाकडून थेंब घेऊन झाले होते आणि लसणाचे कढवलेले तेलही घालून झाले होते. त्याने कानात जखम मात्र झाली. भगिनींनो, कानात काहीही ओतू नका. पुण्याला एका बंद खोलीत बसवून माझी तपासणी झाली. बारीक बारीक आवाज सोडतात, ऐकू आला की कळ दाबायची. कागदावर रेघ काढून दाखवली. जाड आवाजाला रेघ सरळ, पण बारीक, तीव्र आवाजाकडे ती आडात बादली सोडावी तशी खाली गेलेली. गोंगाटाने कान जातो तो असाच, आधी वरच्या पट्टीतला. 'स', 'श', 'फ' ही अक्षरे त्या पट्टीतली. बायकांचे नि मुलांचे आवाजही पुरुषांपेक्षा वरचे. म्हणून यांचे बोलणे मला लागायचे आणि लेकीचे लागायचे नाही. 'सुजलेत' यातला 'स' माझ्या कानाने वाटेतच टाकून दिला होता.

डॉक्टरीणबाईंनी समजावले ते माझ्या भाषेत सांगते. कानाच्या आत गोगलगायीच्या शंखासारखी नळी असते. तिच्यात सुमारे पंधरा हजार सूक्ष्म केसांच्या पेशी असतात. आवाज आला की त्या शेतातल्या पिकासारख्या डोलतात आणि मेंदूला निरोप धाडतात. आवाज मोठा झाला की बाजरी वाऱ्याने आडवी पडावी तशा पडतात. थोडक्यात निभावले तर दुसऱ्या दिवशी पुन्हा उभ्या राहतात, दडे सुटतात ते त्यामुळेच. पण ताटच मोडले तर पुन्हा उभे राहत नाही, आणि माणसाच्या कानात हे पीक दुसऱ्यांदा येत नाही. निरोप कमी आले की मेंदू आपले बटण वाढवतो. रेडिओवर केंद्र लागले नाही तरी आवाज वाढवला की खरखर ऐकू येते ना, तसाच हा किडा. आयुर्वेदात याला कर्णनाद म्हणतात आणि सुश्रुतसंहितेतही त्याचे नाव आहे. म्हणजे दुखणे काही आजचे नाही, पण त्या काळी डीजे नव्हता.

आवाज मोजण्याचे माप डेसिबेल. त्याचा हिशेब शेर-पायलीसारखा नाही. तीनने आकडा वाढला की आवाजाचा जोर दुप्पट होतो. जागतिक आरोग्य संघटनेने कानाला सोसेल अशी आठवड्याची शिधापत्रिकाच घालून दिली आहे म्हणा ना. 80 डेसिबेलचा आवाज आठवड्याला 40 तास, 90 चा 4 तास आणि 100 चा अवघी 20 मिनिटे. मी डीजेच्या भिंतीपुढे किती वेळ उभी होते, ते मघाशी सांगितलेच.

किडा घालवणारी गोळी अजून निघालेली नाही. कोणी विकत असेल तर घेऊ नका. मात्र कान वाजणे नेहमी गोंगाटानेच होते असेही नाही. मळाने, रक्तदाबाने, काही औषधांनीसुद्धा होते, म्हणून एकदा तपासावे. एकाच कानात वाजत असेल किंवा नाडीच्या ठोक्यावर वाजत असेल तर लवकर दाखवावे. आणि एकाएकी एका कानाने ऐकू येईनासे झाले तर कांद्याची काढणी आहे म्हणून थांबू नये, दुसऱ्याच दिवशी डॉक्टर गाठावा. त्यावर औषध आहे, पण ते पहिल्या काही दिवसांतच लागू पडते.

मला कानाची यंत्रे घ्यायला सांगितली. सरकारी दाखल्याला 40 टक्के दिव्यांगत्व लागते, माझे तेवढे भरेना. किंमत ऐकून मी तर उठलेच होते. शेवटी आपल्या बचत गटातून कर्ज काढले. ते अजून फिटते आहे, हे गटाच्या चिटणीसबाई जाणतातच. यंत्र घातले त्या दिवशी स्वतःच्या बांगड्यांचा आवाज ऐकून मी दचकले. पातेल्यांचा खणखणाट सहन होईना, आठ दिवस चिडचिड झाली. मग एकदा तव्यावर भाकरीला पाणी फिरवले त्याचा चर्रर्र आवाज आला. तो कधीपासून यायचा थांबला होता, हे माझ्या लक्षातही नव्हते. बाहेरचे ऐकू आले की आतला किडा मागे सरतो. रात्री यंत्र काढले की तो पुन्हा पुढे येतो. म्हणून थंडीतसुद्धा पंखा भिंतीकडे तोंड करून लावते. हे घोंगडी ओढून घेतात, बोलत काही नाहीत.

गिरणीत आता दोन्ही कानांवर झाकण्या घालते. कापसाच्या बोळ्याने फारसे काही अडत नाही. मळणीयंत्रावर, ट्रॅक्टरवर काम करणाऱ्या घरच्या पुरुषांनाही झाकण्या घ्या म्हणून सांगा. ते हसतील. आमचेही हसले होते. पण आपल्या भागात बिबट्या आहे. रात्री उसाला पाणी धरायला जाणाऱ्या माणसाला कुत्र्याचे भुंकणे वेळेवर ऐकू यायला नको का?

आता थोडे कायद्याचे. सन 2000 च्या नियमांप्रमाणे राहत्या वस्तीत दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबेल ही मर्यादा आहे, आणि रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. वर्षातल्या ठरावीक दिवशी तेवढी बारापर्यंत सवलत मिळते. शाळा-दवाखान्याभोवती 100 मीटर शांतता क्षेत्र. सर्वोच्च न्यायालयाने 18 जुलै 2005 रोजी यावर मोठा निकाल दिला. तो खटला कशावरून उभा राहिला, हे आपण बायकांनी ऐकण्यासारखे आहे. 1998 च्या जानेवारीत वर्तमानपत्रात एक बातमी आली. तेरा वर्षांच्या एका मुलीवर अत्याचार झाला. ती मदतीसाठी ओरडत होती, पण शेजारी ध्वनिक्षेपकावर गाणी लागली होती, म्हणून तिचा आवाज कोणाला गेला नाही. त्याच संध्याकाळी त्या पोरीने स्वतःला जाळून घेतले. ही बातमी वाचून एक गृहस्थ न्यायालयात गेले. मी हे वाचले तेव्हा मला माझ्या लेकीचा फोन आठवला. तिथे ऐकणाऱ्यांचे कान धड होते, तरी बहिरे झाले होते.

तक्रारीला 112 हा नंबर आहे. पण आपण कोणाची तक्रार करणार? हळदीला डीजे हवाच म्हणून हट्ट धरणाऱ्यांत आपणही असतो. मी स्वतः होते. जवळच खोडदला दुर्बिणीच्या 30 थाळ्या उभ्या आहेत, एकेक 45 मीटर रुंद. आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी टिपायच्या म्हणून त्या भागात त्यांना अडथळा येऊ नये अशी काळजी घेतात. ते कानाने ऐकणे नव्हे, हे मला मुलाने बजावून सांगितले आहे. तरी मनात येते की ताऱ्यांसाठी एवढे जपतो, तर पाळण्यातल्या लेकरासाठी वरात घरापुढून जाताना आवाज उतरवायला काय हरकत आहे? पुढच्या महिन्यात माझ्या धाकट्या दिराकडे कार्य आहे. तिथे सनई आणि संबळ सांगितले आहे. दीर नाराज आहेत, पोरे फुगली आहेत. काय होते ते बघायला तुम्ही सगळ्या या.

आणि एक सांगायचे राहिले. माझ्याशी बोलताना मोठ्याने ओरडू नका, त्याने शब्द आणखी फाटतो. समोर या, तोंडावरचा पदर काढा आणि सावकाश बोला. मागून हाक मारण्यापेक्षा खांद्याला हात लावा. मला कळले नाही तर मी आता "छान" म्हणणार नाही, "पुन्हा सांगा" म्हणेन, तेव्हा रागावू नका. दळण घेऊन आलात की डबा आत ठेवा आणि लेकराला घेऊन बाहेर पडवीत बसा, आत थांबू नका. पीठ झाले की मी दारात येऊन हात वर करीन.