मागच्या एक्सलमधील टकटक : निदान आणि दुरुस्ती

मोटारीच्या मागच्या भागातून येणाऱ्या टकटक आवाजाचे निदान करताना पहिली अडचण अशी असते की, आवाज जिथे ऐकू येतो तिथेच तो उत्पन्न होत असेल याची खात्री देता येत नाही. हवेतून ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर वेगाने जातो, तर पोलादातून त्याचा वेग सुमारे ५,००० मीटर असतो. त्यामुळे चाकापाशी उठलेला ठोका एक्सलचे हाउसिंग, पाटे आणि चॅसिस यांच्यामार्फत क्षणार्धात सगळ्या गाडीत पसरतो आणि बैठकीखालचा रुंद पत्रा थरथरून तोच ठोका मोठा करून ऐकवतो. मागे बसलेल्या माणसाला ‘आवाज मधूनच येतोय’ असे वाटते आणि तेवढ्या भरवशावर डिफरन्शियल उघडले जाते, असे पुष्कळदा घडते. ठोका कुठे वाजतो हे सांगण्यात कान फसतो; तो केव्हा वाजतो आणि किती वेळाने पुन्हा वाजतो हे मात्र कान अचूक सांगू शकतो, आणि निदानाची उभारणी याच माहितीवर करावी लागते.

गाडीची रचना कोणती आहे, हे त्याआधी पाहावे लागते. कुर्ल्याच्या कारखान्यात पूर्वी तयार होणारी आणि मुंबईच्या टॅक्सीमुळे सर्वांच्या परिचयाची झालेली प्रीमियर पद्मिनी, तसेच नाशिकला बनणारी आणि ग्रामीण महाराष्ट्रात सर्वत्र दिसणारी बोलेरो, या गाड्यांमध्ये इंजिन पुढे असते आणि ओढ मागच्या चाकांना असते. गिअरबॉक्समधून निघालेली शक्ती प्रोपेलर शाफ्ट या लांब नळीवजा दांड्यातून मागे येते, पिनियन नावाच्या लहान दंतचक्रामार्फत क्राउन या मोठ्या दंतचक्राला मिळते आणि तिथून दोन अर्ध्या एक्सलांमधून दोन्ही चाकांकडे जाते. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावे लागत असल्याने दोन्ही चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारी जी लहान दंतचक्रांची जुळणी क्राउनला जोडलेली असते, ती डिफरन्शियल होय. याउलट १९८३ मध्ये रस्त्यावर आलेल्या मारुती ८०० पासून रूढ झालेल्या पुढच्या ओढीच्या गाड्यांत मागचा एक्सल केवळ वजन पेलतो. तिथे क्राउन-पिनियन नसतेच, आणि टकटक आली तर बेअरिंग, ब्रेक, स्प्रिंगची बैठक आणि बुश एवढ्यांतच शोध घ्यावा लागतो. पुढील विवेचन मुख्यतः मागच्या ओढीच्या, अखंड एक्सलच्या गाड्यांविषयी आहे.

अशा गाडीत शोधाचे सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित साधन म्हणजे मोजणी. २१५/७५ आर १५ या मापाच्या टायरचा परीघ सुमारे २.२ मीटर भरतो. ताशी ८ किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला तेवढेच अंतर कापते, म्हणजे या वेगाला चाक सेकंदाला एक फेरा करते. क्राउनला ४१ आणि पिनियनला १० दात आहेत असे धरले, तर चाकाच्या एका फेऱ्यात पिनियन आणि त्याला जोडलेला प्रोपेलर शाफ्ट ४.१ फेरे करतो. तेव्हा मोकळ्या, सपाट रस्त्यावर या वेगाने गाडी नेत असताना सेकंदाला एकच ठोका पडत असेल, तर दोष चाकाबरोबर फिरणाऱ्या वस्तूंमध्ये आहे, म्हणजे टायर, ड्रम, अर्धा एक्सल किंवा क्राउन. आणि ठोके सेकंदाला चारच्या आसपास पडत असतील, तर दोष पिनियनपासून पुढच्या बाजूस, प्रोपेलर शाफ्टच्या रांगेत आहे. मोबाइलवर आवाज ध्वनिमुद्रित करून सावकाश पुन्हा ऐकल्यास ही मोजणी कोणालाही करता येते. वेग बदलूनही ठोक्यांची गती बदलत नसेल, तर फिरणाऱ्या भागांचा विचार सोडून द्यावा आणि सायलेन्सरची पट्टी, शॉक ॲब्सॉर्बर आणि पाटे यांच्याकडे वळावे.

मोजणीच्या जोडीला भार आणि वळण यांची साक्ष घ्यावी. पाय ॲक्सिलरेटरवर दाबताना किंवा सोडताना एकच ठोका येत असेल, तर शक्तीची दिशा उलटते त्या क्षणी कुठल्यातरी सांध्यातील मोकळीक भरून निघत आहे असे समजावे. सरळ रस्त्यावर शांत असलेला एक्सल फक्त वळणावर वाजत असेल, तर डिफरन्शियलमधील स्पायडर गिअर ही लहान दंतचक्रे, त्यांचे वॉशर किंवा चाकाचे बेअरिंग संशयास्पद ठरते. कारण स्पायडर गिअर स्वतःभोवती फिरतात ते मुख्यतः वळणावरच, आणि बेअरिंगवरचा आडवा भारही तेव्हाच वाढतो. चालत्या गाडीत मोकळ्या जागी हँडब्रेक अगदी हलका ओढल्यावर आवाज थांबला किंवा बदलला, तर ड्रम आधी उघडावा.

हत्यारांना हात लावण्यापूर्वी काही साध्या गोष्टी पाहून घ्याव्यात, आणि त्या पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. टायरच्या खाचेत रुतलेला खडा किंवा खिळा चाकाच्या फेऱ्यागणिक ठोका देतो. चाकाचे नट सैल असतील, तर रिमच्या भोकांभोवती चकाकी आणि गंजाचा लालसर पट्टा दिसतो. अशी गाडी नट आवळल्याशिवाय आणि भोके तपासल्याशिवाय एक किलोमीटरही चालवू नये. पाट्यांना एक्सलशी बांधणारे यू-बोल्ट सैल झाले किंवा पाट्यांचा सेंटर बोल्ट तुटला, तर एक्सल जागचा सरकतो आणि निघताना व ब्रेक मारताना ठोका देतो. तिथे धुळीच्या थरात घासून चकचकीत झालेली कड सापडते. ड्रमचीही एक गंमतशीर खोड आहे. लेथवर नुकत्याच कातलेल्या ड्रमच्या आतील पृष्ठभागावर हत्याराने स्क्रूसारखी मळसूत्री रेघ सोडली असेल, तर ब्रेक लावताच लायनर त्या रेघेवरून बाहेर चढत जातो आणि स्प्रिंगच्या ओढीने फटकन जागेवर येतो. पृष्ठभाग पॉलिश कागदाने आडवातिडवा घासला की हा आवाज जातो, आणि त्यासाठी नवे भाग लागत नाहीत.

इथपर्यंत काही सापडले नाही आणि मोजणीने प्रोपेलर शाफ्टकडे बोट दाखवले असेल, तर शोध बहुधा युनिव्हर्सल जॉइंटपाशी संपतो, ज्याला गॅरेजमध्ये नुसते ‘क्रॉस’ म्हणतात. एक्सल पाट्यांवर वरखाली होत असल्याने शाफ्टला कोन बदलत शक्ती पोहोचवावी लागते, आणि त्यासाठी दोन दुबेळक्यांच्या मध्ये अधिक चिन्हाच्या आकाराचा एक पोलादी तुकडा बसवलेला असतो; त्याची चारही टोके सुईसारख्या बारीक रोलरांनी भरलेल्या कपांमध्ये फिरतात. हे रोलर पूर्ण फेरा कधीच करत नाहीत, थोड्याशा कोनात मागेपुढे हलतात. त्यामुळे ग्रीस आटले की प्रत्येक रोलर त्याच त्या जागी घासत राहून क्रॉसच्या टोकावर आपली खाच पाडतो. तपासणीसाठी गाडी सपाट जागी उभी करून पुढच्या चाकांना ओट लावावी, मागचा एक्सल दोन्ही बाजूंनी भक्कम स्टँडवर ठेवावा (नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही जाऊ नये) आणि इंजिन बंद ठेवून शाफ्ट हाताने मागेपुढे पिळावा. क्रॉसच्या दोन्ही बाजूंची दुबेळकी एकाच वेळी हलली पाहिजेत. एक आधी आणि दुसरे मागाहून हलले, तर क्रॉस गेला असे निश्चित समजावे. कपाच्या तोंडाशी विटकरी रंगाची बारीक पूड दिसली, तर हात लावण्याआधीच उत्तर मिळते, कारण ती पूड म्हणजे आतल्या कोरड्या रोलरांचा गंजून झिजलेला धातू असतो.

दुरुस्ती अवघड नाही, पण घाईची नाही. शाफ्ट उतरवण्यापूर्वी फ्लँज आणि दुबेळकी यांवर जुळणीच्या खुणा करून ठेवाव्यात. शाफ्टच्या दोन टोकांची दुबेळकी एका प्रतलात नसतील, तर सांध्याची गती प्रत्येक फेऱ्यात दोनदा कमीजास्त होण्याचा जो मूळ दोष असतो तो एकमेकांना रद्द करत नाही आणि टकटक जाऊन थरथर सुरू होते. सर्क्लिप काढून, व्हाइसमध्ये धरून जुने कप दाबून काढावेत. नवा कप बसवताना एखादा रोलर आडवा पडला, तर कप पुरता आत जात नाही. अशा वेळी हातोडीने ठोकत बसणे म्हणजे नवाच क्रॉस नासवणे होय. कप काढून रोलर ग्रीसमध्ये पुन्हा उभे करावेत. सर्क्लिप खाचेत पक्के बसल्यावर सांधा कुठेही न अडकता हाताने सर्व दिशांना हलला पाहिजे.

क्रॉस निर्दोष निघाला, तरच एक्सलचे पोट उघडावे. त्यापूर्वी एक परीक्षा उपयोगी पडते : दोन्ही चाके अधांतरी, गाडी गिअरमध्ये आणि हँडब्रेक सोडलेला असताना एक चाक हाताने फिरवले की दुसरे उलट दिशेने फिरते, आणि यात फिरतात ते फक्त स्पायडर व त्यांच्याशी जुळलेले बाजूचे गिअर. या वेळी ठेचकाळल्यासारखा ठोका लागला, तर दोष तिथे आहे. हाउसिंगमधील ऑइल काढून बोटांमध्ये चोळून पाहावे. चुंबकी बोल्टवर साचलेला करडा, लोण्यासारखा मऊ लेप ही साधी झीज असते, पण कड असलेला तुकडा बोटाला टोचला तर एखादा दात तुटलेला आहे. क्राउन आणि पिनियन कारखान्यात एकमेकांवर घासून जोडीनेच तयार होतात, म्हणून त्यांपैकी एकच बदलण्याची काटकसर फसते. नव्या जोडीत दातांमधील मोकळीक, जिला बॅकलॅश म्हणतात, ती डायल गेजने मोजून बहुतेक गाड्यांत ०.१५ ते ०.२५ मिलिमीटरच्या आसपास, नेमकी त्या गाडीच्या पुस्तिकेप्रमाणे, ठेवावी लागते. अंदाजाने बसवलेली जोडी थोड्याच दिवसांत ओरडू लागते.

प्रत्येक मागच्या चाकाला स्वतंत्र सस्पेन्शन असलेल्या अलीकडच्या गाड्यांत आणखी एक कारण आढळते आणि ते फार चकवते. गाडी रिव्हर्समधून पुढे निघताना एकदाच, स्वच्छ ‘टक्’ असा आवाज येतो, पण कुठलाच भाग ढिला सापडत नाही. चाकाच्या हबमध्ये शिरणाऱ्या शाफ्टचा खांदा बेअरिंगच्या चेहऱ्यावर घट्ट आवळलेला असतो. शक्तीची दिशा बदलली की स्प्लाइन, म्हणजे शाफ्टवरचे उभे दाते, केसभर सरकू पाहतात; खांदा आणि बेअरिंग यांचे कोरडे पृष्ठभाग आधी चिकटून राहतात आणि मग एकदम घसरतात. यावर शाफ्ट मागे सारून दोन्ही पृष्ठभाग साफ करणे, तिथे कंपनीने सांगितलेले कोरडे वंगण किंवा पेस्ट लावणे आणि नवा नट टॉर्क रेंचने ठरलेल्या मापात आवळणे एवढाच उपाय पुरतो. याच आवाजासाठी शाफ्ट, हब आणि बेअरिंग असे सगळे बदलले जाते, हे दुःखद आहे.

असे होण्याचे मूळ कारागिराच्या अज्ञानापेक्षा व्यवहारात अधिक आहे. बहुतेक गॅरेजमध्ये मजुरी बदललेल्या भागावर मिळते. दोन तास गाडीखाली पडून, ठोके मोजून, एक यू-बोल्ट आवळणाऱ्या मेकॅनिकला त्या दोन तासांचे काहीच मिळत नाही, आणि उलट बेअरिंग बदलून आवाज तसाच ठेवणाऱ्याचे बिल भरले जाते. मालकांनी गाडी देताना आवाज कोणत्या वेगाला, कोणत्या वळणाला, पाय दाबताना की सोडताना येतो हे जॉबकार्डवर लिहून द्यावे, मेकॅनिकला शेजारी बसवून एक फेरी मारावी, आणि शोधाची मजुरी आधीच ठरवून, कुठलाही भाग बदलावा लागला नाही तरी, ती पूर्ण द्यावी.