उपग्रहाचा नकाशा आणि शिवारातील साक्ष



धुळे जिल्ह्याला समुद्रकिनारा नाही. पांझरेचे पाणी तापीला मिळते आणि तापी सुरतेपलीकडे अरबी समुद्राला. मग कोकणातील खारफुटीच्या नकाशांची चर्चा येथे कशासाठी, असा प्रश्न साहजिकच उद्भवतो. परंतु खाडीकाठची खारफुटी टिपणारा उपग्रह साक्री आणि शिरपूर तालुक्यांतील डोंगरउतारही टिपतो. त्याच्या चित्रावर कितपत विसंबावे, हा प्रश्न म्हणूनच दोन्हीकडे महत्त्वाचा आहे.

डेहराडून येथील भारतीय वन सर्वेक्षण संस्थेच्या अहवालांनुसार महाराष्ट्रातील खारफुटीचे क्षेत्र २०१५ मध्ये २२२ चौरस किलोमीटर, २०१७ मध्ये ३०४, २०२१ मध्ये ३२४ आणि २०२३ मध्ये सुमारे ३१५ होते. आकडा वाढला म्हणजे तेवढीच झाडे वाढली, असे मानणे मात्र घाईचे ठरेल. या कामी दीर्घकाळ वापरलेल्या चित्रांतील एक ठिपका जमिनीवर साडेतेवीस मीटर लांब-रुंद, म्हणजे सुमारे साडेपाच गुंठ्यांचा असतो. एक हेक्टरहून लहान तुकडा त्या नकाशात येत नाही. खाडीकाठची अरुंद पट्टी त्यामुळे सुटते. भरतीच्या वेळी खुजी झाडे पाण्याखाली जातात. गावनकाशाच्या मापाने तयार केलेल्या नकाशात हीच पट्टी दिसू शकते.

असे अंतर पूर्वीही पडले आहे. हैदराबाद येथील राष्ट्रीय सुदूर संवेदन संस्थेने १९८०-८२ च्या चित्रांवरून देशातील वनाच्छादन सुमारे १४ टक्के ठरविले. भारतीय वन सर्वेक्षणाच्या १९८७ च्या पहिल्या अहवालात ते साडेएकोणीस टक्क्यांच्या आसपास आले. उपग्रहाची चित्रे वाचण्याची रीत बदलली की आकडाही बदलतो, हाच त्याचा बोध.

खानदेशातील वने पानगळीची. उन्हाळ्यात घेतलेल्या चित्रात उभे रानही उजाड भासते. म्हणून ऑक्टोबर ते डिसेंबरची चित्रे पसंत केली जातात. उलटपक्षी, बांधावरच्या आणि शेतातल्या मोहांच्या सावलीमुळे कसलेली जमीन रान वाटू शकते.

येथेच हा प्रश्न माणसांच्या जीवनाशी येऊन भिडतो. २००६ च्या वनहक्क कायद्यान्वये १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून वनजमीन कसणाऱ्या आदिवासी कुटुंबाला तिच्यावर हक्क मागता येतो. एक एकर जमीन म्हणजे त्या चित्रातले जेमतेम सात ठिपके! एवढ्यावरून कुटुंबाच्या भाकरीचा निकाल कसा लावावा? २०१२ च्या सुधारित नियमांनी याचे उत्तर दिले आहे. उपग्रहाचे चित्र पूरक पुरावा ठरू शकते. इतर पुराव्यांची जागा ते घेऊ शकत नाही. जुने बांध, विहीर, गावातील वडीलधाऱ्यांचा लेखी जबाब यांनाही नियमांत स्थान आहे.

तेव्हा नकाशा हाती आला की चित्र कोणत्या महिन्याचे, ठिपका केवढा आणि प्रत्यक्ष जागेवर पडताळणी झाली काय, हे तीन प्रश्न ग्रामसभेने अवश्य विचारावेत. नकाशा हा साक्षीदार आहे, न्यायाधीश नव्हे.