लाकडाचीही चौकशी करावी लागते
(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



पंचवीस वर्षांच्या निमित्ताने आपल्या सभागृहात माशांची काचेची पेटी ठेवायचे ठरले आणि तिच्यात शोभेचे लाकूड बसवायचे काम मुलांनी माझ्याकडे दिले. मासे पाळण्याचा छंद मला नोकरीत असल्यापासून आहे. म्हणून या एकाच विषयावर चार शब्द बोलतो.

पहिला प्रश्न असा की पेटीत लाकूड हवे कशाला? नदीत पडलेल्या खोडा-मुळांच्या आडोशाला मासे दडतात, विसावतात. पेटीतही त्यांना तसा आडोसा लागतो. नुसत्या उघड्या पेटीत मासा बुजलेला राहतो. सकर जातीतले काही मासे तर लाकडाचा थर खरवडून खातात. म्हणजे लाकूड नुसती शोभा नाही.

आता लाकूड कोणते? आम्ही बँकेत कर्ज देण्याआधी माणसाची चौकशी करायचो. तशीच लाकडाची करा. कुठले आहे, कशाचे आहे, किती दिवसांचे वाळलेले आहे? ओले, चिकाचे लाकूड नको. कण्हेर आणि रुई विषारी, ती तर हातीही धरू नका. ओळख पटत नसेल तर ते लाकूड उकळायलाही घेऊ नका. पेरूचे जुने, साल गेलेले, टणक खोड चांगले. नख दाबून पाहा. नख रुतले तर आतून कुजलेले समजा.

गेल्या महिन्यात मुलांनी शेताच्या धुऱ्यावरून एक सुंदर मूळ आणले. हरणाच्या शिंगासारखे! मी नाही म्हटले, तर एकाच्या डोळ्यांत पाणी आले. पण बाळांनो, आपला भाग कपाशीचा. फवारणीचे औषध धुऱ्यावरही उडते. २०१७ साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना माणसे दगावली, हे आपण सगळ्यांनी वाचले आहे. सायपरमेथ्रीनसारखे औषध तर माशांना अगदी थोड्या मात्रेतही मारते. उकळल्याने किडे, अंडी, बुरशी मरते. औषध निघून जाईलच, याची हमी नाही. माणूस पाणी बदलून पिऊ शकतो. माशाला दुसरे पाणी कुठले? म्हणून ते मूळ आपण खिडकीत शोभेला ठेवले आहे, पेटीत नाही.

दुसरी गोष्ट, महानच्या बाजूला काटेपूर्णा अभयारण्यात पडलेले लाकूड उचलायचे नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तिथली वाळकी काटकीही परवानगीशिवाय आणता येत नाही. आणि ते लाकूड तिथल्या माशांचे, किड्यांचे घरच आहे. आपल्या परसातले घ्या, नाहीतर दुकानातून विकत आणा.

लाकूड मिळाले की सैल साल काढा, कुजका भाग खरवडा, कडक ब्रशने साध्या पाण्यात धुवा. साबण अजिबात नको. मग एका जुन्या जर्मनच्या गंजात बुडवून दोन तास उकळा. गंज वेगळाच ठेवा, नाहीतर घरी काय ऐकावे लागते ते मला विचारा! पाणी चहासारखे लाल होईल. ते टाका, नवे घ्या, पुन्हा उकळा. शेजारच्या एका ताईंनी मला विचारलेही, “काकाजी, हे लाकूड शिजवता कायले? भाजी करता का?”

तो लाल रंग टॅनिनचा. बाभळीच्या सालीने चामडे कमावतात, ते याच द्रव्यामुळे. थोडे टॅनिन माशांना बाधत नाही, पण पाणी गढूळ दिसते म्हणून काढायचे. लाकूड गंजात मावत नसेल तर बंबातले उकळते पाणी वरून ओता आणि ड्रमात भिजत घाला.

उकळल्यावर दोन ते चार आठवडे भिजवा, दर दोन-तीन दिवसांनी पाणी बदला. हे पाणी मोरीत न ओतता झाडांना घाला. उन्हाळ्यात आपल्याकडे पाण्याची काय किंमत आहे, हे सांगायला नको. लाकूड आपोआप बुडू लागले की तयार झाले. तरंगतच राहिले तर नायलॉनच्या दोऱ्याने आपल्या काळ्या दगडाला बांधा. शहाबादी किंवा कडप्पा फरशी वापरू नका. तो चुनखडीचा दगड, त्याने पाणी जड होते. शंका असेल तर दगडावर लिंबू पिळा. फसफसले तर तो नको.

पेटीत ठेवल्यावर पहिल्या काही दिवसांत लाकडावर पांढरा, बुळबुळीत थर येतो. घाबरू नका. ब्रशने काढा, हळूहळू तो थांबतो. रंग किंवा व्हार्निश मात्र लावू नका.

आणि एक विनंती. सकर मासा मोठा होतो, पेटी अपुरी पडते. म्हणून त्याला नदीत किंवा धरणात सोडू नका. हा परदेशी मासा आहे, उजनीच्या जलाशयात तो सापडल्यावर तिथल्या मासेमारांची डोकेदुखी वाढली. नको असेल तर दुकानदाराला परत द्या.

आपले लाकूड सध्या माझ्या गच्चीवरच्या ड्रमात आहे, अजून तरंगते आहे. मुले रोज येऊन विचारतात, “आबाजी, बुडालं का?” ते बुडेपर्यंत पेटीत मासे येणार नाहीत, हे मी त्यांना सांगून ठेवले आहे. मोठ्यांनीही घाई करू नये.